डाव्या भुवईचा खुलासा

॥ श्री ॥

चौक गावाजवळून, होळीच्या आदल्या आठवड्यात

तीर्थस्वरूप विमलताईस,

धाकट्या छायाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं ठेवते, कपाळ टेकवत नाही. डॉक्टरांनी घासायला मनाई केली आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, दाजी गोळ्या वेळेवर घेतात की अजून गोळी खिशात आणि पेढा तोंडात असंच चाललंय, म्हैस व्याली का आणि व्याली असेल तर रेडी झाली की रेडा, हे सगळं सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे खुशाल. आमचे हे खुशाल, सासूबाई तर इतक्या खुशाल की त्यांच्याकडे बघूनच माझं रक्त आटतं. मीही खुशाल आहे. कपाळ खुशाल, डोळे खुशाल. मधल्या पट्ट्याबद्दल मात्र हे पत्र आहे.

तुझे व्हिडिओ कॉल मी उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस हे मला कळतं. ‘इकडे नेटवर्क नाही’ असं मी कळवत होते ते खोटं होतं. नेटवर्क इतकं चांगलं आहे की सासूबाई शेतावरून कीर्तन ऐकतात. टाइप करूनही पाठवलं असतं, पण तुझा फोन दिवसभर तुझ्या नातवाच्या हातात, आणि मागे मी तुला खासगीत विचारलेला मूळव्याधीचा प्रश्न त्याने सगळ्या मामांच्या ग्रुपवर टाकला होता. (त्यावर आलेले अंगठे मी विसरलेले नाही.) म्हणून कागद. आणि भिवपुरीच्या पोपटरावांनी तुला फोन करून काय सांगितलं तेही माझ्या कानावर आलंय. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलाची आई फार तापट दिसते, आमच्या श्रद्धाचा स्वभाव हळवा, तेव्हा राहू दे. ताई, मी त्या घरात तोंडातून ब्र काढला नाही! पोहे खारट होते तरी ‘छान झालेत’ म्हटलं आणि पुन्हा मागून घेतले. आणखी काय करायला हवं होतं मी?

आता मुळापासून सांगते. माझ्या भुवया विरळ आहेत हे तुला माहीत आहेच, कारण त्या विरळ करण्यात तुझाच हात होता. (मी आठवीत असताना तू आईच्या चिमट्याने माझ्यावर ‘शेप’ शिकलीस. स्वतःवर का नाही शिकलीस, हे मी तुला आजवर विचारलेलं नाही, आजही विचारत नाही.) तेव्हापासून उजवीकडे थोडं आणि डावीकडे नावापुरतं, असं पीक उरलं. मी पेन्सिलने रेघा ओढून संसार केला. पण गेल्या वैशाखात कर्जतला एका हळदीला नाचताना घामाने पेन्सिल उतरली, आणि माझ्या जाऊबाईने, संजनाने, बायकांच्या भर गर्दीत ‘थांबा, तुमच्या तोंडाला काहीतरी लागलंय’ म्हणत पदराने पुसून काढलं. काहीतरी म्हणजे माझी भुवई. पुसून झाल्यावर तिने पदराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात बाकीच्या सगळ्यांनीही बघितलं.

दुसरी गोष्ट माझ्या नीलेशची. त्याची खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी तुला ठाऊक आहे, आणि जाण्यायेण्याची मोटरसायकलही. ती गाडी गेल्या वर्षी इतकी बिघडायला लागली की मी ज्याने विकली त्याच्याशी भांडायला निघाले होते. शनिवार आला की गाडी चौकच्या गॅरेजात. मग कळलं की गॅरेजला लागून हर्षलाचं पार्लर आहे. गाडी ठणठणीत होती, बिघाड दुसरीकडे होता. मी साफ सांगितलं, पार्लरवाली सून मला नको. मुलगी वाईट असं माझं म्हणणं नव्हतं. पण आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या बायकांचे वरचे ओठ आणि हनुवट्या तिच्या हाताखालून गेलेल्या. कोणाला दाढीचे केस येतात, कोणाच्या डोक्यात चाई पडलीय, कोणती नवरी बोहल्यावर चढायच्या आधी काय बोलून रडली, सगळं हिला ठाऊक. अशी बाई सून म्हणून आली म्हणजे गावाचा चव्हाटा आपल्या चुलीपाशी, आणि आपली चूल चव्हाट्यावर. नीलेश म्हणाला, ‘आई, ती तसली नाय गं.’ मी म्हटलं, सगळ्या तसल्याच असतात. त्याने जेवण सोडलं. (चौकच्या ढाब्यावर जेवत होता हे नंतर उघडकीला आलं.) पुढे घरी जेवायला लागला, पण माझ्याशी बोलणं बंद. ताटावर बसतो, ‘वाढ’ म्हणतो आणि ‘पुरे’ म्हणतो. ताई, तू हसशील, पण एकुलता एक मुलगा समोर बसून दोनच शब्द बोलतो तेव्हा आपल्याला घास उतरत नाही. मी भात चिवडत बसते आणि हे मला विचारतात, मीठ कमी आहे का.

नेमकं याच वेळी तू भिवपुरीचं स्थळ सुचवलंस. पोपटराव वीजगृहात नोकरीला, क्वार्टर्समध्ये शिस्तीत वाढलेली मुलगी, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास चाललेला. मला वाटलं, हे जमलं तर नीलेश त्या गॅरेजचा रस्ता विसरेल. आणि जायचं तर असं जायचं की मुलीच्या आईने म्हणावं, सासू असावी तर अशी. म्हणून मी भुवया कायमच्या करून घ्यायचं ठरवलं. मायक्रोब्लेडिंग म्हणतात. बारीक पात्याने कातडीवर केसांसारख्या रेघा ओढायच्या आणि त्यात रंग भरायचा. गोंदणच ते, फक्त इंग्रजी शाळेत शिकलेलं. चौकला ते काम करणारी एकच होती आणि ती कोण हे तुझ्या लक्षात आलंच असेल. म्हणून मी खोपोली गाठली. पार्लरचं नाव लिहीत नाही. जिना चढून वर, बाहेर गुलाबी पाटी, आत एसी आणि ‘मॅडम’.

आता मला जे जे नंतर समजलं ते तुला आधीच सांगून ठेवते, कारण तुझ्या सुनेलाही असली हौस आहे. पहिलं, त्या मॅडमने मला जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो दाखवले ते सगळे काम संपल्या संपल्या काढलेले. महिन्यानंतरचा एकही नाही. लग्नाच्या दिवशीचा फोटो बघून संसार कसा झाला हे ठरवायचं, त्यातला प्रकार. रंग अंगाला सोसतो का हे आधी कानामागे थोडासा लावून बघायचं असतं, ते बघितलं नाही. मग मला उताणं झोपवलं आणि झोपलेल्या तोंडावर मापं घेतली. ताई, माणूस झोपला की गालाकपाळाचं मांस कानाकडे जातं. कोणता शिंपी गिऱ्हाइकाला झोपवून पोलक्याचं माप घेतो? रंग गडद हवा की फिकट असं विचारलं तेव्हा मी गडद म्हटलं. (हा माझा दोष धरायचा असेल तर धर. पण भिंतीला रंग लावणाऱ्याला ‘जरा फिकट लाव’ म्हणणारं आपल्या घराण्यात कोणी जन्माला आलंय का?)

एवढ्यावर निभावलं असतं. पण मॅडम डावी भुवई आखत होत्या तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. उचलला नाही तर त्या शेजारी जाऊन मी बेपत्ता असल्याचं सांगतात, म्हणून उचलला. ‘छाये, सुकटीचा डबा कुठं ठेवलास गं? मांजर फिरतंय, मला गावत नाय.’ मी म्हटलं, आई, फळीवर. ‘फळीवर नाय.’ आई, दुसऱ्या फळीवर. ‘दुसरी फळी कुठली?’ माझी एक सवय आहे, ती मला स्वतःला माहीत नव्हती. सासूबाईंशी बोलताना माझं तोंड ‘हो आई’ म्हणतं आणि डावी भुवई आपलं काय ते वेगळं बोलते. लग्न होऊन आले तेव्हापासून बोलते आहे. डबा सापडेपर्यंत ती वरच होती. मॅडमनी तिथेच आखली, तिथेच पातं चालवलं, आणि मी भूल देणारं मलम लावल्यामुळे सुस्त पडून राहिले. आरशात बघितलं तेव्हा उजवीकडे मी होते आणि डावीकडे सुकटीचा डबा शोधून देणारी मी होते. मॅडम म्हणाल्या, ‘दोन दिवसांत सेट होईल.’ ताई, आजतागायत सेट झालेली नाही!

घरी आले. ह्यांनी दारातच माझ्याकडे बघितलं आणि न विचारता कबूल केलं की कर्जतला जाऊन भजी खाल्ली. मी नुसती बघत राहिले (दुसरं कसं बघणार?), तेव्हा वडाही कबूल केला. त्या आठवड्यात ह्यांनी इतकं काही कबूल केलं की ते वेगळ्या पत्रात लिहीन. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे एकदाच निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ‘ही माझ्याशी बोलतानाची.’ बाई डोळ्यांनी अधू, देवळातला गणपती की मारुती हे विचारून घेतात, पण भुवई ओळखली. आणि वर त्यांच्याच जिवाला लागलं. आता काय चुकलं माझं, म्हणून दिवसभर पदर डोळ्यांना. दुपारी मी पडले होते, तर त्यांना वाटलं सुनेला जखम झालीय, आणि त्यांनी प्रेमाने खोबरेल तेलात हळद कालवून दोन्ही भुवयांवर जाड लेप दिला. मी जागी झाले ती हळदीच्या वासाने. तेल लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, काहीही थापायचं नाही असं मला सांगितलेलं होतं, पण त्यांना ते कोणी सांगणार? आमच्या घरात नांगराचा फाळ लागला तरी हळद आणि मन लागेना झालं तरी हळद. मी ओरडले. त्या स्वतःचंच नाव घेऊन म्हणाल्या, ‘मोतीबाईच्या हळदीनं कुनाचं वायट झालंय सांग.’ आता यापुढे माझं नाव सांगतील लोक.

त्यातच संजनाकडे पोपटी होती. थंडीतली शेवटची, मडक्यात भाजलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, सगळं शेत जमलेलं. नाही गेले तर भुवया लपवते म्हणतील, म्हणून गेले. मडकं उतरवायला कोणी पुढे होईना, मी झाले. (मला पुढे व्हायची काय गरज होती असं तू विचारशील. ह्यांनीही तेच विचारलं.) भाजलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याची वाफ, जाळाची धग आणि घाम, सगळं एकदम कपाळावर. खाज सुटली. खपली ओढायची नसते, ती आपली आपण पडते. मी ओढली नाही. ती निघायच्या बेतात होती, मी फक्त तिला वाट दाखवली. तिच्याबरोबर उजव्या भुवईचा अर्धा रंगही निघून गेला. म्हणजे जी बरी होती ती बसली खड्ड्यात, आणि जी वर चढली होती ती निळसर होऊन आणखी उठून दिसायला लागली. शेजारचे नागूतात्या वारले तेव्हा मी भेटायला गेले, तर त्यांच्या मुलाने मला बघून दोनदा सांगितलं, ‘खरंच गेले हो, काकी.’ मी कुठे नाही म्हणत होते?

अशा तोंडाने मी भिवपुरीला गेले. नको होतं जायला, पण तारीख तूच ठरवली होतीस. श्रद्धाच्या आईने पोहे पुढे केले आणि माझ्याकडे बघून लगेच विचारलं, काही कमी आहे का. मी नाही म्हटलं. तिने लिंबू आणलं. मग शेव आणली. मग ओलं खोबरं. पोपटरावांनी पंखा वाढवला, मग कमी केला, मग बंद केला. मला वाटलं आपण हसावं म्हणजे वातावरण निवळेल. मी हसले. हसल्यावर उजवी बाजू हसते आणि डावी ‘बरं, पुढे बोला’ म्हणते हे मला आरशात कोणी दाखवलं नव्हतं. शेवटी श्रद्धाच विचारती झाली, ‘काकी, मी तुम्हाला पसंत नाही का?’ आणि तिचे डोळे भरून आले. अशा वेळी नवऱ्याने बायकोची बाजू सावरायची असते. आमचे हे म्हणाले, ‘मनावर घेऊ नका, तिचा चेहरा तसाच आहे.’ नीलेश कोपऱ्यात बसून पहिल्यांदाच खुशीत दिसत होता.

खोपोलीला परत गेले तर मॅडम म्हणाल्या, बसा, आत्ता वरून आणखी एक थर देते, सगळं झाकून जाईल. बसणारच होते. पण डावीकडे सूज होती, ठणकत होतं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तशीच उठले, स्कार्फ कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला आणि रिक्षाने चौकला उतरले. हो, तिथेच गेले. हर्षला एकटीच होती. मी आवाज बदलून सांगितलं की माझ्या रोह्याच्या बहिणीच्या भुवया बिघडल्यात. (तुझं नाव घेतलं, माफ कर, दुसरी बहीण आहे कुठे?) ती म्हणाली, मावशींना घेऊन या. मी म्हटलं, गुडघ्यामुळे येता येत नाही. ती म्हणाली, ‘मग काकी, मावशींची डावी भुवई माझ्यासमोर बसलीय ती तरी दाखवा.’

स्कार्फ सोडला. मी तयारीत होते की ही हसेल, आणि हसली की मी उठून चालायला लागेन आणि कायमचं एक कारण मिळेल. हसली नाही गं. दिव्याखाली नेलं, बघितलं आणि विचारलं, ‘काकी, हे आखताना तुमी कुनाशी बोलत होता?’ मी सांगितलं नाही, पण ती समजली असावी. मग म्हणाली की आज मी हात लावणार नाही. ऐकलंस? मी, मुलाची आई, आपण होऊन तिच्या दारात गेले, आणि ही म्हणते हात लावणार नाही! ‘सूज हाय काकी. आदी कातडीच्या डॉक्टरकडं जावा. पुरतं बरं होऊ द्या, मग बघू. आता वरून रंग भरला तर भुवई जाड होनार, ती झाकायला परत भरायचा, परत जाड. झाकता झाकता कपाळ उरायचं नाय.’ वर मलाच झाडलं. हळद का, पोपटीला का, खपली का, गडद का. मी पावसाळ्यात छत्री विसरलेल्या पोरीसारखी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, सासू मी होणार की ही?

डॉक्टरकडे गेले, औषधं घेतली, सूज गेली, खूप दिवस जाऊ दिले. मग तिने काम घेतलं. मला खुर्चीत ताठ बसवलं. फोन काढून घेऊन खणात टाकला आणि खण लावून घेतला. आधी माझा जुना फोटो मागितला, म्हणजे भुवया मूळच्या कशा होत्या ते कळेल. (तुझ्या चिमट्याच्या आधीचा एकच सापडला, जत्रेतला.) उजवीकडे रंग गेला होता तिथे विरळ, फिकट रेघा भरल्या. डावीकडे जे जास्तीचं वर गेलंय त्यात रंगाच्या जागी खारट द्रावण भरायचं, म्हणजे खपलीबरोबर जुना रंग थोडा थोडा वर निघून येतो. एका बैठकीत जात नाही, आणि जाईल असं जो सांगेल त्याच्याकडे जायचं नाही म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही अगदी एकसारख्या झाल्या पाहिजेत. तर म्हणे, ‘जोडीतले दोन बैल कदी सारखे असतात का काकी? शेत नांगरलं म्हंजे झालं.’ एक बैठक झालीय. डावी निम्मी उतरलीय. आता मी सासूबाईंशी बोलतेय असं वाटत नाही, फक्त जाऊबाईंशी बोलतेय असं वाटतं.

खरा संताप मला पुढच्या गोष्टीचा आहे. इतके दिवस झाले, पण मी हर्षलाकडे भुवया दुरुस्त करायला जाते हे गावात एकाही माणसाला कळलेलं नाही. मी वाट बघत होते की आज कोणी टोमणा मारेल, उद्या मारेल. संजना त्याच पार्लरला जाते, पण तिलाही पत्ता नाही. मला वाटलं, माझं राहू दे, दुसऱ्यांचं तरी सांगत असेल. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या मी सहज विचारलं, आमची संजना काय काय करून घेते गं? तर म्हणाली, ‘काकी, मान हलवू नका.’ दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मानच हलवू दिली नाही. मला! एका शब्दाने सांगितलं नाही! आणि मी नीलेशचं नाव काढलं तर पातं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘भुवया आनि नीलेश येगयेगळं ठेवू काकी. भुवयांसाटी तुमी मला हो म्हनू नका.’ म्हणजे मी भुवयांसाठी पोटचा पोर देऊन टाकेन असं वाटतं का हिला? काय समजते काय ही मला? घरी येईपर्यंत रिक्षात माझे डोळे वाहत होते, आणि ते रागाने वाहत होते असं मी स्वतःला चौक ओलांडेपर्यंत सांगत होते.

असो. उद्या सदू टेंपोत माल घेऊन रोह्याला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि वाल पाठवते आहे. वाल भिजत घालण्याआधी निवडून घे, खडे आहेत. दाजींना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, आणि तिला सांग की भुवया करायच्याच असतील तर बसून करायच्या आणि फोन बंद ठेवायचा.

तुझी,
छाया

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ताई, हर्षलाला मागणी घालायला तू यायला हवंस. ती माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही असं मी गावभर सांगून बसले आहे, आता मीच नारळ घेऊन चौकला कोणत्या तोंडाने जाऊ? (हे तोंड कसं आहे ते तर वाचलंसच.) तू मोठी आहेस. तू ये आणि चार माणसांत म्हण की छायाला मी समजावलं. मी थोडा वेळ नाही नाही म्हणेन. फार ताणू नकोस, मी लगेच ऐकेन. फक्त सगळ्या बैठका संपल्यावर ये, म्हणजे मी भुवयांसाठी हो म्हटलं असं तिला जन्मात म्हणता येणार नाही. नीलेशला यातलं काही कळू द्यायचं नाही.

ता. क. दुसरा. नीलेशला कळलं. पाकिटाला डिंक आणायला मी आत गेले तेवढ्यात त्याने उभ्या उभ्या सगळं पत्र वाचलं, मूळव्याधीसकट. पत्र खाली ठेवून गाडी काढली. मग फाटकातून परत आला आणि म्हणाला, ‘आई, जेवायला थांब, मी आल्यावर एकत्र बसू.’ एवढं लांब वाक्य तो माझ्याशी कधी बोलला होता ते मला आठवत नाही. मी डिंकाची बाटली हातात घेऊन तिथेच उभी राहिले.

ता. क. तिसरा, आणि आता हा शेवटचा. नीलेश थेट चौकला पोचला असणार, कारण हर्षलाचा निरोप आला. ‘काकी, तुमची पुढची बैठक मी रद्द केली. घरच्या मानसांच्या भुवयांना मी हात लावत नाय, चुकलं तर भांडन घरात राहतं. पनवेलला मला शिकवनाऱ्या मॅडमकडं तुमचं नाव लावलंय, मी सोबत येईन, फोन घरी ठेवा.’ घरच्या माणसांच्या! अजून बोलणी नाहीत, सुपारी नाही, कुणी कुणाला विचारलेलं नाही, माझी डावी भुवई अर्धी वर आहे, आणि ही मला घरची करून मोकळी झाली! ताई, बैठका संपायची वाट बघू नकोस. सदू माल उतरवून लगेच फिरतो, त्याच्याच टेंपोत पुढे बसून ये. नाहीतर मागणी घालायला तीच आमच्या दारात येईल, आणि मला हो म्हणायच्या आधी एकदाही नाही म्हणायला मिळणार नाही.